धोटा आणि ताटली

सकाळी आठला शेवंतामावशीचा डंका सुरू झाला की आमच्या खोलीत खिळ्याला टांगलेला धोटा हलू लागायचा. डंका म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र. त्याची लोखंडी मुसळं एकामागून एक वर जात आणि दाणकन खाली येत, आणि शेजारच्या दोन चाळींच्या भिंती त्या ठेक्यावर थरथरत. धोटा बाबांचा होता. मागावर उभ्या धाग्यांच्या मधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. लाकडी, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना पोलादी चोच. मिल बंद झाली तेव्हा बाबांनी तेवढा एक घरी आणला होता. माझी सकाळची सगळी कामं मी त्या धोट्यावर लावली होती. तो हलायच्या आत पाणी भरून व्हायला हवं, कांदे चिरून व्हायला हवेत आणि दाराच्या आतल्या बाजूला आजचं जेवण खडूनं लिहून व्हायला हवं. सोमवारी काळ्या वाटाण्याची आमटी, बुधवारी बांगड्याचं तिखलं, शुक्रवारी सुकट घातलेली वांगी, रविवारी कोंबडी. माझ्या आयुष्यातली पहिली यादी तीच. आज माझ्या फोनमध्ये सतरा याद्या आहेत आणि माझी सून त्यांना हसते, पण गॅस सिलिंडर कधी लावला हे विचारायला माझ्याकडेच येते.

लालबागच्या आमच्या त्या तळमजल्याच्या खोलीत आई खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले अठरा जण दोन पंगतींत जेवायचे. बाबांची मिल बंद झाल्यापासून घर त्या खानावळीवर चालत होतं. बाबा मासळी आणत, नारळ खोवत, पंगतीत वाढत, पण वाढताना त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या लग्नात वाढायला उभं केलेल्या माणसासारखा असे. पंचवीस वर्षं ज्यानं चार-चार माग सांभाळले त्याला आमटीचं भांडं हलकं वाटत असणार.

चाळीच्या मागे आसरातळं होतं. तीन बाजूंना दगडी पायऱ्या, चौथ्या बाजूला मिलची भिंत, आणि कोपऱ्यात शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांची पूजा गुरव अण्णा करायचे. आम्ही कोकणातली माणसं पाण्याला उगाच पाय लावत नाही, आधी तांदळाचे चार दाणे टाकतो. पण दाणे टाकून झाले की त्याच पाण्यात काय काय टाकायचो, हे कोणी मोजलं नव्हतं. एका मेमध्ये मासे पोट वर करून तरंगले. आठवडाभर असा वास सुटला की खानावळीतले चार जण दुसरीकडे जेवायला गेले. त्याच सुमाराला वॉर्ड ऑफिसातून एक कागद आला. भागातल्या तळ्यांची पाहणी होणार. जी उथळ आणि घाण झाली आहेत ती बुजवून सपाट केली जाणार.

देवळासमोरच्या ओट्यावर सभा भरली आणि लगेच भांडण झालं. गुरव अण्णा म्हणाले, "मिरचीची पोती तळ्यात धुतात, मासे मरणार नाहीत तर काय!" शेवंतामावशी डंक्यावरून तशीच आली होती, केसांपासून पायापर्यंत लाल. ती म्हणाली, "आणि तुमची हारांची गाठोडी? ती काय मासे गळ्यात घालून फिरतात?" मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते आणि टायपिंगच्या क्लासला जात होते. माझ्या हातात वही होती. कोण तळ्यात काय टाकतं ते मी निमूट लिहीत गेले आणि शेवटी वाचून दाखवलं. यादीत पहिलं नाव आमच्याच आईचं होतं: अठरा जणांची तेलकट भांडी, दिवसातून दोनदा, राखेसकट.

आई सगळ्यांसमोर म्हणाली, "बरी शिकवली मी तुका!" पण हसू तिलाच आधी आलं, आणि मग सगळेच हसले. भांडण त्या हसण्यात मोडलं. आईनं भांडी मागच्या मोरीवर न्यायची ठरवली. मावशीनं पोती गल्लीतल्या नळावर धुवायचं कबूल केलं. अण्णांनी हारफुलांसाठी देवळामागे खड्डा खणायचं मान्य केलं, अर्थात आसरांना विचारून. मग कोणीतरी म्हणालं, पण तळं किती खोल उरलंय हे कोण मोजणार? तेव्हा सबंध सभेत एक शब्द न बोललेले बाबा उठले, घरात गेले आणि खिळ्यावरचा धोटा घेऊन आले.

धोट्यात बॉबिन बसवायची जी खोबण असते तिच्यात बाबांनी शिसं ओतलं. एका टोकाला सुताची जाड दोरी बांधली, दर फुटाला गाठ. गाठी मारताना ते खानावळीतली वाढणी विसरले. ट्रकच्या दोन ट्यूब आणि वर फळी असा तराफा केला. दर रविवारी कोंबडी शिजेपर्यंतच्या वेळात आम्ही दोघं तळ्यावर. ते वल्हवणार आणि धोटा सोडणार, मी लिहिणार. पाच ठरलेल्या जागा. पाणी कुठल्या पायरीला आहे ते आधी लिहायचं, म्हणजे पावसातलं आणि उन्हाळ्यातलं माप एकमेकांशी ताडून बघता येतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण न लिहिता मला झोप आली नसती.

पाणी किती स्वच्छ आहे ते बघायचं साधन मी काढलं. खानावळीत आता स्टीलची ताटं होती, पण इनॅमलची एक जुनी पांढरी ताटली कपाटावर पडून होती. तिला मी तीन भोकं पाडली, तीन दोऱ्यांनी ती गाठी मारलेल्या दोरीला सपाट टांगली आणि पाण्यात सोडली. ती दिसेनाशी झाली की दोरी धरायची आणि किती बुडली ते लिहून वर ओढायची. आईला कळलं तेव्हा ती पळी घेऊनच बाहेर आली. "ताटलीक भोकां पाडलंस? आता तेच्यात तुझ्या बापाक आमटी वाढू?" बाबा म्हणाले, "वाढ. नायतरी तुझी आमटी पातळच असता." अशानं आमच्या वहीत दोन रकाने झाले. गडबडीत पूर्ण शब्द कोण लिहिणार, म्हणून धोट्याच्या रकान्यावर मी 'बाबा' लिहिलं आणि ताटलीच्या रकान्यावर 'आई'.

दोन वर्षं हे चाललं. पहिल्या वर्षी ताटली दीड फुटावर नाहीशी व्हायची, दुसऱ्या वर्षी तीन फुटांवर. पायऱ्यांजवळ लहान मासे दिसू लागले, गेलेले चार जेवणारे परत आले. आणि पायरीचा हिशेब धरला की धोटा दर वेळी मधल्या जागेवर साडेबारा फूट सांगायचा. साडेबारा म्हणजे जुन्या माणसांच्या आठवणीतलीच खोली! बाबा हा आकडा चाळीत असा सांगायचे, जसा कोणी मुलाचा निकाल सांगतो. पाहणीचे साहेब पुढच्या गुरुवारी येणार असं कळल्यावर, त्या सभेत नेमलेल्या समितीचं पत्र मी टाइप करून वॉर्ड ऑफिसात दिलं. तळ्याची खोली साडेबारा फूट, तळाशी गाळ नाही. 'गाळ नाही' हे दोन शब्द मी स्वतःच्या मनानं घातले होते. ते माझे मलाच फार आवडले होते.

साहेब यायच्या आधीच्या रविवारी बाबांना ताप होता, म्हणून मी एकटीच तराफ्यावर गेले. धोटा झाला, साडेबारा. ताटली सोडली, आणि ती दिसेनाशी झाली त्या क्षणी शेवंतामावशीनं पायरीवरून हाक मारली, "ए सुलू, आईला सांग, हळद कुटून ठेवलीय!" मी वळले आणि दोरी हातातून सुटली. सरसर खाली गेली. आणि मग थांबली. दोरी सैल पडून पाण्यावर वेटोळी झाली. मी ती ताणून गाठी मोजल्या. सात.

मला आधी वाटलं, ताटली कशावर तरी अडकली. मी वर काढली तर तिच्यावर काळ्या, मऊ, दह्यासारख्या गाळाचा थर. पुन्हा सोडली, सात. शेजारी धोटा सोडला, साडेबारा. पाचही जागी तेच. कुठे पाच फुटांचा फरक, कुठे सहा. मी फळीवर बसून राहिले. ताटली चपटी, ती गाळावर टेकून बसत होती. धोटा टोकदार आणि शिशानं जड, तो गाळातून आरपार जाऊन खालच्या दगडाला लागत होता. दोन वर्षं आम्ही गेल्या पिढीचं तळं मोजत होतो.

आता माझ्यापुढे दोन अडचणी होत्या आणि मी त्या वहीच्या मागच्या पानावर लिहिल्यासुद्धा. एक, खरं सांगितलं तर तळं उथळ ठरतं आणि बुजवायच्या यादीत जातं. दोन, बाबांना कसं सांगायचं. पहिली मोठी होती, पण खाली दोनदा रेघ मारली ती दुसरीच्या. त्या धोट्यानं बाबांना पुन्हा कामावर घेतलं होतं. त्यांना जाऊन सांगायचं, की तुमचा धोटा चुकला?

संध्याकाळी ते कुळथाची पिठी पीत बसले असताना मी सांगून टाकलं. उशीर केला असता तर जमलं नसतं. त्यांनी वाटी खाली ठेवली. "धोटो खोटां बोलना नाय," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता गप्प बस. पुढचे दोन दिवस बाबांनी वाढलं, खोवलं, मासळी आणली, पण माझ्याशी एक शब्द नाही. धोटा डंक्याच्या तालावर हलत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

बुधवारी दुपारी समिती बसली. मी वही उघडून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, देवाधर्माचे म्हणून अण्णा खऱ्याच्या बाजूनं उभे राहतील. झालं उलटंच. अण्णा म्हणाले, "खोटं कुठे सांगतोय आपण? धोटा टेकतो तो तळच. साहेबांसमोर धोटा सोडायचा आणि ताटली घरी ठेवायची. तळं बुजलं तर आसरा जायच्या कुठे?"

"आणि त्यांनी पाय घालून बघितला तर?" मावशी कडाडली. "मी गेल्या वर्षी पाण्यात पडलेली चप्पल काढायला उतरले होते. मांडीपर्यंत आत! मला वाटलं, आसरा ओढतायत."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगते कशाला! तुम्ही लगेच नारळ मागितला असता."

तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून बाबा आले. लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, एका हातात धोटा, दुसऱ्या हातात ताटली. अंगात अजून कणकण असताना एकटेच तराफा घेऊन गेले होते. त्यांनी दोन्ही वस्तू ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"पाच जागी दोन-दोन वेळा सोडलंय," ते म्हणाले. "पोरीचा बरोबर असा." मग धोट्यावरचा चिखल बोटानं पुसत जरा हसले. "ह्याची तरी काय चूक? जन्मभर आरपार गेलो. तेका थांबूक कोणी शिकवलाच नाय."

आई तेवढ्यात चहाची किटली घेऊन आली होती, तिनं ताटलीकडे बोट केलं. "आणि माझी बसली मां बरोब्बर चिखलार? भोकां पाडलंस तरी कामाक इली!" त्यावर अण्णासुद्धा हसले आणि म्हणाले, "बरं, दोन्ही दाखवा. आसरांना मी समजावतो."

गुरुवारी दातारसाहेब आले. उंच, चष्मा लावलेले, दादरचे, बोलणं पुस्तकात छापल्यासारखं. त्यांच्याबरोबर खुणा केलेला लांब बांबू धरलेला एक शिपाई होता. साहेबांनी माझं पत्र खिशातून काढलं. "तळाशी गाळ नाही, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही तपासलंत?"

"तेव्हा नाही. आता तपासलंय. तळाशी साडेपाच फूट गाळ आहे. तेही मीच सांगतेय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग बाबांनी त्यांना तराफ्यावर घेतलं. साहेब फळीवर मांडी घालून बसले, बूट काढून मांडीवर ठेवलेले, आणि बाबांनी आधी ताटली सोडली, मग धोटा. मी पायरीवरून ओरडले, "आई?" बाबांनी उत्तर दिलं, "सात!" "बाबा?" "साडेबारा!" साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" बाबांनी सांगितलं. साहेबांनी आपला बांबू सोडला. तो गाळात घुसला आणि हात दुखेपर्यंत घुसतच राहिला. मग त्यांनी ताटली हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि स्वतः आणखी चार ठिकाणी सोडली. परत पायरीवर आले तेव्हा त्यांचा एक मोजा भिजलेला होता आणि चेहरा उजळलेला.

"तुमचं तळं उथळ आहे," ते म्हणाले. अण्णांनी डोळे मिटले. "कागदावर ते बुजवायच्या यादीत बसतं. पण खाली जुना दगडी तळ शाबूत आहे हे तुमच्या धोट्यानं दाखवलं, आणि वर किती गाळ आहे हे ताटलीनं. तुम्ही नुसतं साडेबारा म्हणाला असतात तर मी बांबू घालून हसलो असतो आणि बाकीच्या वहीवरही विश्वास ठेवला नसता. नुसतं सात म्हणाला असतात तर नाव यादीत घालून निघून गेलो असतो. गाळ उपसायला पंप मिळवता येईल. पण माझ्या वरिष्ठांना दिसायला हवं, की इथली माणसं ते राखणार आहेत. पावसाआधी एक फूट तुम्ही हातानं काढून दाखवा. काढलात तर मी पंप आणतो. नाही काढलात तर माझ्या हातात काही उरत नाही."

एक फूट! ऐकायला किती थोडं वाटतं. मी रविवारांची यादी केली, घरांची यादी केली, फावडी आणि घमेली कोणाकडे किती ते लिहिलं. मिलमधले बाबांचे जुने जोडीदार आले. पंचवीस वर्षं पाळीनं काम केलेली माणसं, त्यांना पाळ्या लावून द्यायची गरज पडली नाही. भोंग्याऐवजी डंका. पहिला ठोका पडला की पहिली पाळी पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं होतं, तरी छातीपर्यंत उभं राहून घमेली वर द्यायची. आईनं त्या रविवारांना कोंबडीऐवजी पातेलंभर पेज, चटणी आणि भाजलेले सुके बोंबील ठेवले. खानावळीतले अठराच्या अठरा जण घमेली उचलायला उभे राहिले, कारण जो उचलणार नाही त्याला पेज नाही, असं आईनं दारावर मलाच लिहायला लावलं होतं.

फक्त एक गोष्ट माझ्या यादीतून सुटली. गाळ वाहून न्यायला पोती हवी होती. मावशी म्हणाली, "माझी घ्या ना, तीनदा धुतलीयत." मीही खूश होऊन 'पोती: शेवंतामावशी' असं लिहून पुढे गेले. ओला गाळ त्या पोत्यांत भरला आणि विणीत दडून बसलेली दहा वर्षांची मिरची जागी झाली. खांद्यावर पोती घेतलेल्यांच्या माना पेटल्या, माणसं पोती टाकून तळ्यात उड्या मारू लागली, आणि अण्णा सोवळ्यात सतरा वेळा शिंकले. नेमके तेव्हाच दातारसाहेब काम बघायला आले. एक पोतं उघडून त्यांनी वाकून वास घेतला आणि दोन पावलं मागे गेले. "अहो बाई," ते डोळे पुसत मावशीला म्हणाले, "हा गाळ आहे की लोणचं?" मावशी म्हणाली, "साहेब, मुरायला ठेवलंय!" त्या दिवशी निम्मंच काम झालं, पण पुढच्या रविवारी माणसं दुप्पट आली. नवीन पोती मी स्वतः हुंगून घेतली.

एक फूट निघालं. पावसाच्या तोंडावर, पायरीचा हिशेब धरून, ताटली आठवर टेकली. साहेबांनी शब्द पाळला. पुढच्या उन्हाळ्यात पंप आला, आणि त्याच्या पुढच्याही. निघालेला गाळ डब्याडब्यांतून चाळीच्या कठड्यांवर गेला आणि तिथे तुळशी, ओवा, मिरच्या माजल्या. ताटली बारावर टेकली त्या दिवशी बाबांनी ती दोरीसकट घरी नेली, घासूनपुसून चकचकीत केली आणि धोट्याशेजारच्या खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी डंका सुरू झाला तेव्हा दोन्ही वस्तू एकमेकांवर आपटून खणखणू लागल्या. आई म्हणाली, "लांब टांगा तेंका, कान किटले." बाबांनी ऐकलं नाही.

आता ती चाळ नाही. तिथल्या उंच इमारतीत आठव्या मजल्यावर मी राहते, आणि खिडकीतून तळं दिसतं. डंका बंद झाला, मावशीची नात पिशव्यांत भरलेला मसाला विकते. आई-बाबा दोघंही गेले. धोटा आणि ताटली समितीच्या कपाटात असतात, आणि महिन्यातल्या पहिल्या रविवारी इमारतीतली तरुण मंडळी प्लास्टिकचा तराफा काढतात. ती कुठकुठून राहायला आलेली आहेत, माझ्या आई-बाबांना त्यांनी पाहिलेलं नाही, पण वहीतले रकाने तेच आहेत. मी पायरीवर खुर्ची टाकून बसते आणि ओरडते, "आई?"

"साडेअकरा!"

"बाबा?"

"साडेबारा!"

मी दोन्ही आकडे लिहिते. मध्ये फूटभर गाळ. खाली, त्याच पानावर, पुढच्या रविवारी फावडी काढायची असं लिहून ठेवते.